उष्टे आकडे

दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खायची आपल्याला किळस येते. दुसऱ्याने कुठून तरी उचललेला आकडा मात्र आपण मिटक्या मारत खातो आणि वर ढेकर देतो. मी केमिकल इंजिनिअर आहे. कारखान्यांच्या आराखड्यातले उष्णतेचे हिशेब तपासून देणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. या धंद्यात नाही नाही ते वायू हुंगले, पण मळमळलं कधी नाही. मळमळलं ते एका आकड्यामुळे, कोथरूडच्या एसी ऑफिसात.

काम साधं होतं. शहराबाहेरच्या एमआयडीसीत एका कारखान्याला नवा रिअॅक्टर बसवायचा होता. रिअॅक्टर म्हणजे मोठं बंद भांडं. त्यात दोन द्रव एकत्र आले की तिसरा तयार होतो आणि भांडं तापतं. किती तापेल ते आधी कागदावर काढायचं आणि त्याप्रमाणे भोवती थंड पाणी खेळवायची सोय करायची. हा हिशेब चुकला तर आतला माल तापतच जातो आणि मग तो कुणाच्या बापाला आवरत नाही. मी जागा बघायला गेले तेव्हा तिथल्या शिफ्ट सुपरवायझरने आधी चहा पाजला. मग भांड्याच्या जागेला लागूनच असलेली एक लोखंडी पायरी दाखवली.

"हितं उभं ऱ्हावं लागतं आमाला, मॅडम. तेवढं बघून करा."

"बघते," मी म्हटलं.

हिशेब आमच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरने केला होता. तिशीतला, तरतरीत, लॅपटॉपवर बोटं नाचवणारा. तिसरा द्रव तयार होताना किती उष्णता सुटते त्याचा आकडा मला हलका वाटला, म्हणून विचारलं, "हा कुठून आणलास?"

"मॅम, थ्री सोर्सेस आहेत. एक वेबसाइट, एक हँडबुकची पीडीएफ आणि एक पेपर. तिन्ही एक्झॅक्टली मॅच होतायत. पॉइंटनंतरचे डिजिट्ससुद्धा."

तिथेच मला उष्ट्याचा वास आला. तीन माणसांनी आपापलं मोजलं तर आकडे जवळपास येतात; शेवटच्या दशांशापर्यंत जुळत नाहीत. तसे जुळतात ते परीक्षेत, एकाचा पेपर बघून दोघांनी उतरवल्यावर.

"मोजला कुणी? कशाने? किती तापमानाला? आणि कमीजास्त किती धरायचा?"

"ते नाही दिलेलं, मॅम. व्हॅल्यू दिलीये ना."

आकड्याला आईबाप असावे लागतात. चांगल्या तक्त्यात ते दिलेले असतात. कुणी कुणी मोजलं, त्यातलं कुणाचं घेतलं, कुणाचं टाकलं आणि का टाकलं. आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो. पदार्थ घन होता, द्रव होता की वाफ होती. शिवाय एका तक्त्यातले सगळे आकडे एकमेकांशी पटवून घेतलेले असतात, म्हणून एक इथला आणि एक तिथला अशी भेळ करायची नसते. असले तक्ते असलेले आमच्या ऑफिसातले जाडजूड खंड जागा बदलताना रद्दीत गेले. मी भांडले होते. साहेब म्हणाले, "अहो, सगळं ऑनलाइन मिळतं." मिळतं ना. कचराकुंडीतसुद्धा सगळं मिळतं.

मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजची लायब्ररी गाठली आणि तेच खंड मागितले. ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"तो संच? कपाट उघडेल की नाही सांगता येत नाही. आम्ही तपासणीला आलेल्या पाहुण्यांना तो काचेतूनच दाखवतो."

कपाट उघडलं. शिंका देत मी पानं उलटली आणि तो आकडा सापडला. अगदी तोच, दशांशासकट. शेजारी वेगळ्या रकान्यात खूण होती: वाफ. त्याच्या खालच्याच ओळीत द्रवाचा आकडा वेगळा दिला होता. म्हणजे कधी काळी कुणीतरी वरची ओळ उचलली, खूण तिथेच टाकली, आणि बाकीच्यांनी त्याची री ओढली. वाफेचा द्रव होताना उष्णता सुटते. इडलीपात्राचं झाकण काढताना हात पोळतो तो तिच्यामुळेच. तेवढी उष्णता आमच्या हिशेबातून गळाली होती. कागदावरचं भांडं कमी तापत होतं. खरं भांडं जास्त तापणार होतं, पाणी त्याला पुरणार नव्हतं, आणि पायरीवर माणूस उभा असणार होता.

साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, आकडा बदला आणि खात्रीसाठी ही उष्णता एकदा प्रयोगशाळेत मोजून घ्या.

"मॅडम, क्लायंटला घाई आहे. रेफरन्सचा रकाना भरलेला आहे ना? मग झालं तर."

त्या रकान्याला आमच्या धंद्यात फार मान. त्यात काय भरलंय ते कुणी वाचत नाही, रिकामा नसला की पुरे. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. मला त्या ऑफिसची, तिथल्या कॉफी मशीनची, भिंतीवरच्या सुरक्षिततेच्या पोस्टरचीसुद्धा शिसारी आली. मी एक टिपण लिहिलं. अमुक आकडा तीन ठिकाणी सापडतो, तो वाफेचा आहे, या कामात वापरू नये. खाली सही ठोकली आणि त्या कामातून बाहेर पडले. आपल्या अंगावर काही यायला नको म्हणून साहेबांनी ते टिपण कारखान्याला धाडून दिलं. कारखान्याने काम, त्या टिपणासकट, दुसऱ्या सल्लागारांना दिलं. निदान तो आकडा तरी मेला, असं मला वाटलं.

काही महिन्यांनी मी शनिवार पेठेत चष्मा दुरुस्त करून घेत होते. फोन वाजला.

"मॅडम, वळखलं का? कारखान्यात चा पाजला व्हता बगा तुमाला. उद्या नव्या भांड्याची पयली बॅच हाय. जरा धाकधूक व्हती. पण कागदावर तुमचं नाव बगितलं आन् जिवाला बरं वाटलं."

"कुठल्या कागदावर?"

त्यांनी फोटो पाठवला. नव्या सल्लागारांचा हिशेब होता. आकडा तोच, दशांशासकट. रेफरन्सच्या रकान्यात वेबसाइट नव्हती, पीडीएफ नव्हती. माझं नाव होतं आणि माझ्या टिपणाची तारीख होती. आकडा चुकीचा आहे हे सांगायला मी तो लिहिला होता. नव्या सल्लागारांनी तेवढा आकडा उचलला आणि 'वापरू नये' तिथेच टाकलं.

माझ्याच नावाची किळस आली.

"तो आकडा माझा नाही," मी म्हणाले.

"मंग कुणाचा?"

"कुणाचाच नाही. उद्याची बॅच घेऊ नका. भांडं तापेल आणि पाणी पुरणार नाही."

"माज्या सांगण्यानं थांबत न्हाई, मॅडम. थांबवायला बी कुणाचा तरी कागद लागतो."

चष्मेवाल्याकडे कोरा कागद मागितला. काउंटरवर उभ्या उभ्या लिहिलं: माझ्या नावावर दाखवलेला आकडा माझा नाही. उष्णता प्रत्यक्ष मोजल्याशिवाय बॅच घेऊ नये. घेतलीत तर माणसं मरतील. सही केली, फोटो काढला आणि पाठवून दिला. त्या कागदावर एकही आकडा येऊ दिला नाही. तारीखसुद्धा अक्षरांत लिहिली.