भीमपलासात बोंडअळी

टेपचं हेड पुसायच्या स्पिरिटचा वास आला की मला महागावच्या घरातली ती रविवारची दुपार आठवते. बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि कपाटाएवढ्या स्पीकरांना मी इंटरनेटवरून गाणी वाजवणारी एक छोटी डबी जोडली होती. ती पसंत पडली तर टेपडेक माळ्यावर, नाहीतर डबी दुकानात परत, असं ठरलं होतं, आणि निकाल द्यायला बाबांनी आपले कापूस पिकवणारे दोन कास्तकार मित्र बोलावले होते. मी जादूगाराच्या थाटात बाह्या सरसावून मोबाइलवर बोट टेकवलं. भीमपलास असा भरदार घुमला की तिघांचेही डोळे मिटले. आलाप संपला आणि स्पीकरांतून एक बाई गरजली, "कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसली का?" फुकटच्या अ‍ॅपमध्ये जाहिराती येतात, हे मी सोयीस्करपणे सांगितलं नव्हतं. मी घाईने आवाज कमी केला, तर एक काका म्हणाले, "थांब ना बापा, अळीसाठी एकरी किती सापळे लावाचे ते सांगून राह्यली, ते ऐकू दे." तोवर भीमपलास परत सुरू झाला. "गाणं राहू दे, ते मघाचं लाव." जाहिरात मागे नेता येत नाही, असं मी पुटपुटलो. "टेप असती तं मांगं घेतली असती," बाबा शांतपणे म्हणाले. डेक जागेवरच राहिला. पण डबीही राहिली, कारण पुढच्या रविवारी दोघे काका वही-पेन घेऊन हजर. हल्ली मी वर्गणी भरून जाहिराती बंद केल्या आहेत, आणि काका विचारतात, "तुह्या डबीत आता कामाचं काहीच काहून नाई येत?"