पाववाल्याची बहीण

तिचं नाव मी लिहिणार नाही, तिच्या देशाचंही नाही. तसं तिने मला बजावून सांगितलंय. एवढं पुरे, की तो उत्तर आफ्रिकेतला समुद्राकाठचा लहानसा अरब देश आहे. तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून हुकूमशहाला घालवलं तेव्हा ती कॉलेजात होती आणि त्या गर्दीत होती.

मस्कतजवळ अल हैलमधल्या एका खाजगी क्लिनिकात आम्ही दोघी फिजिओथेरपिस्ट. मी मिरजेची. मध्ये एक पडदा. इकडे मी कुणाची कंबर धरलेली, तिकडे ती कुणाचा गुडघा. आमचं बोलणं इंग्रजीत, अधूनमधून अरबी. माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची. माझा नवरा रुसैलला एका कारखान्यात. त्याला यायला उशीर झाला की ती चहाला खाली येऊन बसायची.

सुरुवातीला तिच्या बोलण्यात एक अभिमान असायचा. "तुमच्याकडे मतदान म्हणजे नेहमीचंच," ती म्हणायची. "माझ्या आईने साठी उलटल्यावर पहिल्यांदा खरं मत दिलं. सणाचे कपडे घालून गेली होती."

पुढे तो अभिमान उतरत गेला. सरकारं येत होती, पडत होती. आई फोनवर आज साखर नाही, उद्या दूध नाही, रक्तदाबाची गोळी चार दुकानं फिरूनही मिळत नाही, हेच सांगायची. मग एका उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षाने संसदेला कुलूप लावलं, दारात लष्कराची गाडी उभी केली. मला वाटलं, ही रडेल. पण ती म्हणाली, "बरं झालं. नुसते भांडत बसायचे. कुणीतरी चाबूक हातात घ्यायलाच हवा होता." तिच्या गावात लोकांनी हॉर्न वाजवत गाड्या फिरवल्या होत्या. तिचा धाकटा भाऊही त्यात होता.

या भावाची वडिलांपासूनची पावाची भट्टी होती. पीठ सरकार स्वस्तात द्यायचं, पावाचा भावही सरकारच ठरवायचं. तेच पीठ आता यायचं थांबलं. तिजोरीत खडखडाट; गव्हाची जहाजं बंदराबाहेर उभी, पण आधी पैसे दिल्याशिवाय माल उतरवायला कुणी तयार नाही. टीव्हीवर मात्र सांगत होते की पाववाले पीठ दडवून ठेवतात. त्याच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग लागायची आणि लोक त्यालाच शिव्या घालायचे. एक दिवस तो चिडला. त्याने मोबाइल घेऊन रिकाम्या कोठारात व्हिडिओ काढला. "पीठ दडवलंय म्हणता? या, झाडून घेऊन जा." एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण पुढे एक वाक्य तो थेट सगळ्यात वरच्या माणसाला उद्देशून बोलला.

दुसऱ्याच दिवशी त्याला उचललं. खोट्या बातम्या पसरवल्या म्हणून.

तिला हे क्लिनिकात कळलं. पडद्याआड तिचा फोन वाजला. मी डोकावले तर ती पेशंटचा गुडघा तसाच हातात धरून उभी होती.

त्या संध्याकाळी ती खाली आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "माझा व्हिडिओ काढ. तो चोर नाही, हे कुणीतरी सांगायलाच हवं." मी कुकर उतरवला, हात पुसले आणि तिचा फोन धरला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. नुसती फोनकडे बघत राहिली. मी म्हटलं, "यल्ला, बोल." इथे 'चल'ला सगळे यल्लाच म्हणतात. मग ती बोलली. शांतपणे, न रडता. अरबी मला अर्धंच कळलं. शेवटी तिने भावाचं नाव घेतलं आणि 'पाव' हा शब्द दोनदा आला. तिने तो व्हिडिओ लगेच इंटरनेटवर टाकला.

तो इतका फिरेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी माझी आठवीतली मुलगी फोन घेऊन आली. तिचं मराठी तोडकंमोडकं. "आई, इट्स यू! हे बघ, यल्ला बोल. तुझा व्हॉइस आहे."

नवऱ्याने तो तुकडा तीन वेळा ऐकला. 'बोल' तर मी मराठीतच म्हटलं होतं. मागे आमची मसाल्याच्या बरण्यांची फळीही दिसत होती.

"तुला कळतंय का आपण कुठे राहतो?" तो म्हणाला. "आपण इथे पोटासाठी आलोय. राजकारणाच्या भानगडीत नाव आलं तर व्हिसा खलास. तिचा देश, तिचा भाऊ. तुझं काय?"

"माझ्यासमोर बसून सांगत होती रे. मी काय करायला हवं होतं?"

"नाही म्हणायचं."

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून बघायची. अनोळखी नंबर आला की उचलायची नाही. मी बरण्यांची फळीसुद्धा दुसऱ्या भिंतीवर हलवली. हसू येण्यासारखं आहे, पण तेव्हा हसू आलं नाही.

मग अर्बाबांनी दोघींना बोलावलं. क्लिनिकचे मालक, वयस्क ओमानी गृहस्थ. जुन्या मस्कतकरांसारखं छान हिंदी बोलणारे. "बैठो बेटी," मला म्हणाले. मग तिच्याशी बराच वेळ अरबीत बोलले, आवाज न चढवता. ती खाली बघत होती. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "मेहमान अपने घर का झगड़ा दूसरे के घर में नहीं लाता. समझीं?" मी मान हलवली. तिने त्यांच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो शंभर ठिकाणी पोचला होता. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ते वाईट माणूस नाहीत. तेही घाबरलेत."

पण माझा खरा थरकाप उडाला तो पुढच्या आठवड्यात. एक माणूस मान धरलीय म्हणून आला. इस्त्रीचा शर्ट, चाळिशीचा, इंग्रजी फ्रेंच वळणाचं, अगदी तिच्यासारखं. मी मानेला हात लावला आणि लोण्यासारखे मऊ स्नायू हाताला लागले. कुठे गाठ नाही, ताठरपणा नाही. दुखत नसलेली मान घेऊन तो आला होता. "इथे दुखतं?" विचारलं की "हो" म्हणायचा. दुसरीकडे दाबलं तरी "हो".

"तुमच्या दुसऱ्या डॉक्टरबाई आज नाहीत का?" त्याने सहज विचारलं.

"त्या पेशंटबरोबर आहेत."

"त्या राहतात कुठे? जवळच ना?"

माझे हात त्याच्या मानेवरच होते. "माहीत नाही," मी म्हटलं. पडद्यापलीकडे तिचा आवाज एकदम थांबला होता. तो उठला, कॉलर नीट केली, माझे आभार मानून निघून गेला. परत आला नाही. तो कोण होता हे आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. कदाचित तिचा एखादा गाववालाच असेल, ओळख काढायला आलेला. पण आम्ही दोघींनी तेव्हा तो तिच्या सरकारचाच माणूस धरला. ती स्टुलावर बसली होती, तोंड पांढरंफटक. "त्याच्या बोलण्याची ढब आमच्याकडची आहे," ती म्हणाली.

तिने मायदेशी जाऊच नये असं मला वाटत होतं. पण भावाची कोर्टाची तारीख लागली, घरात आई एकटी, आणि आईने जेवण सोडलेलं. तिने रजा टाकली. विमानतळावर मीच सोडायला गेले. नवऱ्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. वाटेत ती फोनमधून एकेक फोटो, एकेक मेसेज पुसत होती. आमच्या दोघींचा सलालाहच्या नारळबागेतला फोटो आला तेव्हा थोडी थांबली, मग तोही पुसला.

"पोचले की फोन करीन," ती म्हणाली. "नाही आला तर तू करू नकोस."

फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिचा फोन बंद. मी पोळ्या करपवत होते, पेशंटला उजव्याऐवजी डाव्या पायाचा व्यायाम देत होते. मनात नाही नाही ते येत होतं. अर्बाब रोज दारातून विचारायचे, "कुछ ख़बर?" मी नाही म्हणून मान हलवली की ते "इन्शाल्ला" म्हणून पुढे जायचे. नवराही कामावरून आला की आधी माझ्या तोंडाकडे बघायचा.

शेवटी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. यावेळी मी न घाबरता उचलला. तीच होती. आवाज घोगरा. "ठीक आहे," म्हणाली, "आईजवळ आहे," आणि लगेच ठेवला.

पुढचं सगळं ती परत आल्यावर कळलं. विमानतळावर तिला एका खोलीत दिवसभर बसवून ठेवलं होतं. पाणी दिलं, खायला दिलं नाही. फोन काढून घेतला, तो परत मिळालाच नाही. "तुझ्याबद्दल विचारलं," ती म्हणाली. "यल्ला म्हणणारी बाई कोण? मी सांगितलं, घरकामाला येणारी बाई होती, कधीच मायदेशी गेली." मी तिचा हात धरून बसले.

भावाला शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने ती कमी केली आणि काही महिन्यांनी तो सुटला. भट्टीचं पीठ कायमचं बंद झालं होतं. आता तो मामाच्या ऑलिव्हच्या घाण्यावर काम करतो. घर चालवायचं म्हणून ती इथे परत आली. अर्बाबांनी तिची जागा भरली नव्हती.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडे बसलेली असताना भावाचा फोन आला. तिने स्पीकरवर लावला. मस्कतला उकाडा किती आहे, त्याने विचारलं. यंदाचं ऑलिव्ह चांगलं आहे, फळ मोठं आहे, तेल पिवळंजर्द निघतंय, असं तो खूप वेळ सांगत राहिला. मग तिने विचारलं, "आणि बाकी? देशात काय चाललंय?"

"लाइन खराब आहे, ताई," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आवाज तर इतका स्वच्छ येत होता की मागे कुणीतरी अंगण झाडत असलेलंही आम्हाला ऐकू आलं होतं.