मामांचा वन्स मोर

माझे मामा दौंडला रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. तरुणपणी रेल्वेने त्यांना प्रशिक्षणासाठी काही महिने इंग्लंडला पाठवलं होतं. तिथून ते एक रेनकोट आणि एक गोष्ट घेऊन आले. रेनकोट दोन पावसाळ्यांत फाटला. गोष्ट तीस वर्षं टिकली.

गोष्ट अशी की, घरमालकिणीच्या मुलाने त्यांना एका नव्या रॉक बँडच्या कार्यक्रमाला नेलं. या प्रकाराला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले, म्हणजे ज्याच्यावर नाचता येत नाही असं रॉक. एक गाणं चांगलं पाव तास चाललं. मामा नाट्यसंगीतावर वाढलेले. गाणं संपताच त्यांनी सवयीने ‘वन्स मोर’ अशी आरोळी ठोकली आणि बँडने ती मानून तीच चाल पुन्हा वाजवली. वन्स मोर हे शब्द इंग्रजी असले तरी ते ओरडण्याची रीत आपली आहे, तिकडची नाही, हे त्या सभागृहात फक्त मामांना माहीत नव्हतं.

दौंडात ही गोष्ट कोणीच मानली नाही. शेजारी राहणारे निवृत्त गार्ड तर अजिबातच नाही. “साहेब, तुम्ही बदली मागितली तवा आपल्या रेल्वेनं दिली न्हाई,” ते म्हणायचे, “आन् गोऱ्यांनी मागितल्याबरोबर गाणं दिलं व्हय?” मामांनी दुसरा चहा सांगितला तरी स्टेशनवर कोणीतरी हळूच वन्स मोर म्हणायचं. मामाही हसायचे. पण एकदा मला म्हणाले, “सिग्नलवाल्याच्या शब्दावर गाडी सुटते रे. माझा हा एक शब्द खोटा म्हणतात, तर बाकीचेही कशावरून खरे?”

पुढे मी रांजणगावच्या एका कंपनीत लागलो आणि शिरूरला राहू लागलो. कंपनीतला एक मित्र या संगीताचा भक्त होता. तो जर्मनीच्या दौऱ्यावरून सीडींचा एक संच घेऊन आला. मामांच्या त्याच बँडच्या सुरुवातीच्या काळातले चार कार्यक्रम, कोणाच्या तरी माळ्यावर सापडलेल्या टेपांवरून साफसूफ करून काढलेले. मित्र त्याला सीडी म्हणू देत नसे. “हा दस्तऐवज आहे,” तो म्हणायचा. दस्तऐवजात गाणी तीच ती होती, गावं मात्र चार. मित्राच्या मते दुसऱ्या गावात ड्रम वाजवणारा जास्त चिंतनशील झाला होता. मला तो दमलेला वाटला.

चौथं गाव मामांचं होतं, म्हणजे ते इंग्लंडात राहिले होते ते. मी फोन केला. मामा म्हणाले, “ती एक माझ्यासमोरच लाव. आधी ऐकू नकोस.”

म्हणून मी बाकीच्या तीनच ऐकल्या. गायक दोन गाण्यांच्या मधे लांबलचक कहाणी सांगे. कीर्तनातही पूर्वरंग असतो, पण कीर्तनकार केव्हातरी मुद्द्यावर येतो. एका वाद्यात व्हायोलिनच्या आवाजाच्या टेपा भरल्या होत्या आणि ते दर गावात नव्या सुरात बिघडत होतं. पाव तासाच्या त्या गाण्यात मधेच एक शांतता होती. तिच्यानंतर सुरुवातीची चाल परत येत होती. तिन्ही गावांत.

रविवारी मी मोटारसायकलने न्हावऱ्यामार्गे दौंडला गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गार्डसाहेबांना स्वतः बोलावणं धाडलं होतं. मामी मटार सोलत बसली होती. मी सीडी लावली.

“वाजवायला लागलेत का अजून जुळवतायत?” गार्डसाहेबांनी विचारलं.

“वाजवतायत,” मामा म्हणाले.

“त्या गाणाऱ्याचं मघापासनं पोट दुखतंय,” मामी म्हणाली. ती तमाशासाठी नावाजलेल्या कवठे येमाईची. तिच्या माहेरी गाणं म्हणजे काय हे सगळ्यांना कळायचं.

ते लांब गाणं सुरू झालं तसे मामा खुर्चीच्या कडेला आले. बासरी झाली, ड्रम झाला, व्हायोलिनच्या टेपा रडल्या, आणि शांतता आली. त्या शांततेत, टेपेच्या खरखरीवर, स्वच्छ ऐकू आलं: “वन्स मोर!” त्यातला ‘मोर’ पिसाऱ्यासकट आपल्याकडचा होता.

मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली. सीडीत मोठा हशा पिकला, गायक काहीतरी बोलला, पुन्हा हशा झाला, आणि चाल परत सुरू झाली.

“आवाज तुमचाच हाय,” गार्डसाहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तो काय म्हनला?”

गार्डसाहेबांचं इंग्रजी रेल्वेपुरतं होतं. खोलीत गायकाचं बोलणं समजलेले दोघंच, मामा आणि मी. मामांनी माझ्याकडे पाहिलं. धन्यवाद म्हणाला, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं आणि मी मान डोलावली असती.

“तो म्हणाला,” मामा सावकाश म्हणाले, “‘साहेब, आधी एकदा तरी पुरं होऊ द्या.’” मग मला म्हणाले, “तेव्हा हे ऐकू आलं नव्हतं. पुढे एक उंच बाई बसली होती.”

बाईच्या उंचीचा कानांशी काय संबंध, हे कोणी विचारलं नाही.

“मग चाल परत वाजिवली ती?” गार्डसाहेब.

मामांनी मला विचारलं, “बाकीच्या गावांत?”

“तिथंही वाजवतात,” मी म्हणालो. “तिथं कोणी ओरडत नाही.”

मामांनी मान हलवली. गार्डसाहेब डोळे पुसेपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, “पर तुम्ही वरडला व्हता. मी इतकी वर्सं न्हाई म्हनत आलो. उद्या टेशनावर सांगतो सगळ्यास्नी. साहेबांनी वन्स मोर दिला, हे खरं. गोऱ्यांनी घेतला न्हाई.”

“गाणं संपायच्या आधीच दिला, हेही सांगा,” मामा म्हणाले.

“ते तर पहिलं सांगनार,” गार्डसाहेब म्हणाले आणि चपला शोधू लागले.