निझव्याच्या बैठकीत विनीने खाली ठेवलेला कप

ओमानमधल्या सोहारहून निझव्याला निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघे होतो. गाडी चालवणारे आमचे जावई मिलिंदराव, मागे मी, आणि माझ्या बाजूला विनी. मी नागपूरच्या आयटीआयमधून निवृत्त झालेला वेल्डिंगचा मास्तर, लेकीकडे महिनाभर आलेलो. विनी हा मिलिंदरावांच्या पोलाद कारखान्यातला अमेरिकन भट्टीतज्ज्ञ, आजोबा इटलीतून आलेले. साठीचा, पोट सुटलेला, एकदम हसरा माणूस. पण तीन वर्षांत त्याने ओमानमध्ये कुणाच्या घरी साधं पाणीही घेतलं नव्हतं.

त्याचा ओमानी सहकारी सलीम त्याला निझव्याच्या घरी बोलावून थकला होता. आता चार दिवसांत विनी कायमचा परत जाणार, म्हणून सलीमने निक्षून सांगितलं होतं, की याही वेळी कॉफी नाकारलीस तर तो माझ्या वडिलांचा अपमान, आणि आपली मैत्री तिथेच संपली. त्यामुळे विनी निघाला होता खरा, पण तोंड एवढंसं करून.

बारका गाव मागे पडलं, खजुराच्या बागा संपल्या आणि दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर सुरू झाले. गवताची काडी नाही, तरी नजर हटेना. वाटेत गरम हलवा (तूप-केशराचा, आपल्या खव्यापेक्षा चिकट) घेतला आणि अर्धा शर्टावर सांडला. विनी खो खो हसला. तेवढ्यात माझ्या जिभेला कुठला धीर? विचारून बसलो, बाबा रे, तू कुणाकडे काही पीत का नाहीस? मिलिंदरावांनी आरशातून डोळे वटारले. पण विनी सांगू लागला.

त्याचं गाव तळ्याकाठचं, नुसत्या पोलादाच्या भट्ट्यांचं. आजोबांची तिथे बेकरी होती. इटलीतून आलेल्यांना कुणी विचारत नसे, तेव्हा एक 'कुटुंब' मदतीला यायचं. म्हणायचं कुटुंब, होती टोळी. आधी कुणाला नोकरी लावून दे, कुणाचा पोरगा चौकीतून सोडव. मग जुगाराचे अड्डे त्यांचे झाले, मालाचे ट्रक त्यांचे झाले, शेवटी कारखान्याची युनियनही. कोण कुठल्या भट्टीवर लागणार, हे बेकरीच्या मागच्या टेबलावर ठरायचं. म्होरक्या कधी आवाज चढवत नसे. समोर कॉफी ठेवायचा आणि म्हणायचा, "पी. तुझं काम झालं म्हणून समज." प्यायलास की जन्माचा त्याचा. विनीच्या वडिलांनी लेकाच्या नोकरीसाठी ती कॉफी घेतली. काही वर्षांनी निरोप आला, की युनियनमध्ये जिवलग मित्राच्या विरोधात उभा राहा. ते राहिले. मित्र मरेपर्यंत बोलला नाही.

नव्वदच्या सुमारास खटले झाले, म्होरक्या तुरुंगात म्हातारा झाला, भट्ट्याही विझल्या. कुटुंब संपलं, विनीची धास्ती मात्र संपली नाही. परीक्षेच्या दिवसांत मीही पोरांच्या घरचा चहा टाळायचो, त्यामुळे मला ते पटलं. पण तीन वर्षं म्हणजे अतीच झालं.

निझव्याचा किल्ला म्हणजे एक भला थोरला गोल बुरूज. सलीमचं घर त्याच्या पलीकडे, फलजच्या (डोंगरातून आणलेल्या पाण्याच्या पाटाच्या) काठी. मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) सलीमचे वडील हमदचाचा बसले होते. ऐंशीचे, पांढरी दाढी, डोळे मिश्कील. आधी खजूर आले, मग बिनकानाच्या इवल्या कपांतून काहवा (वेलदोड्याची कॉफी). मी एक संपवला की सलीम दुसरा भरायचा. पाचव्याला मिलिंदराव कुजबुजले, "बाबा, पुरे असेल तर कप हलवायचा असतो." हे आधी सांगायला काय झालं होतं!

विनीने कप नाकापर्यंत नेला आणि तसाच गालिच्यावर ठेवला. सलीमचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, संपली मैत्री. पण म्हातारा उलट सावरून बसला, छातीवर हात ठेवून काही बोलला. सलीमने अडखळत इंग्रजी केलं, "वडील म्हणतात, पी. तुझं काम झालं म्हणून समज."

विनी पांढराफटक पडला. मिलिंदरावांनी माझ्या कानात उलगडा केला. इथे मागणं घेऊन आलेला पाहुणा कप न पिता खाली ठेवतो, आणि यजमानाने शब्द दिल्यावरच पितो. बिचारा विनी टाळायला गेला आणि याचक ठरला. माझं काही मागणं नाही, असं तो परोपरीने सांगत होता. पण उगाच कुणी कप खाली ठेवत नाही, यावर चाचा ठाम.

शेवटी विनी म्हणाला, "एकच मागणं आहे. हे प्यायल्यावर मी तुमचं काही देणं लागू नये."

सलीमने घाबरत घाबरत ते सांगितलं. चाचा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग विनीचा हात हातात घेऊन म्हणाले, "पाहुणा कधी देणं लागतो का? दिलं तुला. आता पी."

विनीने कप एका घोटात रिकामा केला. तो पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. सातव्या कपापर्यंत तो पीत होता, रडत होता आणि हसतही होता. कप हलवायचं त्याला कुणीच सांगितलं नाही, मीही नाही.

मग विनी अमेरिकेला गेला, मी नागपूरला आलो. अजूनही कुणी चहा पुढे केला की मनात येतंच, याचं काय काम असेल? मग चाचांचं हसणं आठवतं. मी चहा पितो, आणि आणखी अर्धा कप मागून घेतो.