म्हातारचळ लागला म्हणे

रिटायर झालेली माणसं रोज संध्याकाळी एका बागेत बसायला लागली की किस्से साठतातच. नवीन पनवेलच्या आमच्या कट्ट्यावरचे निम्मे किस्से तर एकाच शब्दाचे आहेत. म्हातारचळ! साठीनंतर माणूस जरा कुठे खुशीत दिसला की घरचे हा शब्द काढतात.

माझाच घ्या. मी केस काळे केले. बायको म्हणाली, म्हातारचळ लागलाय, कुणाला दाखवायचेत? म्हटलं, तुलाच. म्हणाली, "मला मोतीबिंदू आहे."

आमचे तात्या जवळच्या गावातले. शेती कधीच गेली, पण आवाज अजून बांधावरचाच. एकदा ते पोपटी टी-शर्ट घालून आले. मुलगा जितू त्यांना न्यायला आला, तो सगळ्यांदेखत म्हणाला की बापाला चळ लागलाय. तात्या शांतपणे म्हणाले, "चळ नाय रं, सेल लागलेला."

कट्ट्यावर कुसुमबाई यायच्या. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तात्यांचीही बायको गेलेली. या शब्दाचा अर्थ आम्ही बाईंनाच विचारला.

"चळ म्हणजे वेड," बाई म्हणाल्या. "पंचविशीत लागलं तर लोक अक्षता टाकतात. सत्तरीत लागलं तर हा शब्द टाकतात."

आम्ही खो खो हसलो. तात्या हसले नाहीत, बाईंकडे बघत राहिले.

पुढे उन्हाळ्यात तात्या बाईंसाठी ताडगोळे सोलून डब्यात आणायला लागले. आम्हाला मात्र सालासकट!

दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं आणि तात्यांनी घरी तसं सांगितलं. जितूने घर डोक्यावर घेतलं. मग बागेत आला आणि आमच्यासमोर म्हणाला, "बाई, आमच्या बापाला लागलेला म्हातारचळ म्हणजे तुमी."

बाई उठून गेल्या. त्यानंतर दोघं बागेच्या दोन टोकांना बसायचे. तात्या डबा आणायचे आणि तसाच परत न्यायचे. मला फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

आता शेवटचा. तात्या गेले त्याच्या आदल्या दिवशीचा. ते आयसीयूत होते. बाईंना त्यांना एकदा डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नको होतं, म्हणून मी सोबत गेलो. दारावरच्या वॉचमनने अडवलं. फक्त नातेवाइकांना सोडतो म्हणाला, आणि विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण लागता?"

जन्मभर शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या बाईंनी आजूबाजूला बघितलं. जितू शेजारच्या बाकावर बसला होता. बाईंनी त्याच्याकडे बोट केलं.

"त्याला विचारा. माझ्यासाठीचा शब्द त्याच्याकडे आहे."

वॉचमनने जितूकडे बघितलं. जितू मान खाली घालून बसून राहिला, आणि भेटायची वेळ संपली.