मापवाल्या ताई आणि नवी सिस्टीम

आमच्या कारखान्यातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालावी की नाही, यावर तीन आठवडे चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांपैकी एकाचंही त्या कॉम्प्युटरवाचून काही अडत नव्हतं. ज्यांचं अडत होतं त्या ताई माझ्या शेजारच्या टेबलावर मान खाली घालून काम करत होत्या, आणि त्यांना कुणी विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कारखाना म्हणजे नावाला. दोन खोल्या, शिलाईची दोन मशीनं आणि कातडं चिकटवायच्या सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटात मावत नाहीत त्यांचे बूट आम्ही करतो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं हाड बाहेर आलेलं, कुणाच्या पायाला आजारामुळे काही जाणवतच नाही. ताई माप घेतात, मी कातडं कापतो, शिलाईमास्तर शिवतात आणि मालक आमच्या मागे उभे राहून सुस्कारे टाकतात.

ताई इथे एकोणीस वर्षं आहेत. बाई बुटकी, आवाज बारीक, स्वभाव हट्टी. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्या त्याला स्टुलावर बसवून स्वतः फरशीवर मांडी घालतात, पाय हातात घेतात आणि मगच टेप काढतात. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय. मला माणसांचं फारसं कौतुक नाही, पण ताईंच्या मापावर कापलेला बूट परत आलेला मी पाहिलेला नाही.

मालकांच्या वडिलांच्या वेळी मापं कागदावर असायची आणि कागद भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असायचे. डावे पाय डाव्या भिंतीला, उजवे उजव्या. गिऱ्हाइकाचं पहिलं माप वर, पाय बदलला की नवं माप त्याच्या खाली. कापायचं ते सगळ्यात खालच्या कागदावरून. कागदावर नाव लिहायचं नाही हा म्हाताऱ्याचा कडक नियम. माणसाला आपल्या पायाची लाज वाटते, त्यात भिंतीवर नाव टांगून आणखी कशाला लाजवायचं, असं तो म्हणायचा. कुठला कागद कुणाचा, हे ताईंना जागेवरून पाठ होतं.

पुढे कॉम्प्युटर आला. ताईंनी काय करावं? अख्खी भिंत उचलून पडद्यावर नेली! प्रत्येक फाईलचं नाव ‘नवीन’. नवीन एक, नवीन दोन, करत करत नवीन दोनशेच्या घरात. एखादं गिऱ्हाईक वारलं की त्याच्या फायली पुसायच्या आणि तेच नंबर पुढच्या मापांना द्यायचे, त्यामुळे नंबरावरून नवं-जुनं काही कळायचं नाही. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात डावे पाय, उजव्या अर्ध्यात उजवे. चाळीसेक कायमची गिऱ्हाइकं, प्रत्येकाची आपली जागा, आणि खालची फाईल खरी. वर आणखी एक खोड. जुनी फाईल नुसती बघायला उघडली तरी बंद करताना कॉम्प्युटर ‘जतन करू का’ विचारायचा, आणि ताई न चुकता ‘हो’ म्हणायच्या. नाही म्हटलं तर माप पुसलं जाईल, अशी त्यांना धास्ती. त्यामुळे फाईलवरच्या तारखेला शेंडा ना बुडखा. मी एकदा हे त्यांना सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, “तारीख कशाला बघायची? जागा आहे की.”

नव्या सिस्टीमचं खूळ आणलं मालकांच्या भाचेजावयाने. हा गृहस्थ कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला, आणि सासरच्या माणसांसमोर अक्कल पाजळायची त्याला भारी हौस. रोज दुपारी यायचा, मालकांच्या खुर्चीत बसायचा आणि फायदे मोजायचा.

“मामा, चालू व्हायला अकरा सेकंद. फक्त अकरा!”

“आत्ता किती लागतात?” मालक विचारायचे.

“दोन मिनिटं.”

“अरे बाप रे,” मालक म्हणायचे. जसं काही उरलेल्या वेळात त्यांना राज्य चालवायचं होतं. ताई कॉम्प्युटर चालू करून हात धुवायला जातात, एवढाच त्या दोन मिनिटांचा इतिहास.

विरोधी पक्षात शिलाईमास्तर. त्यांनी जन्मात माऊसला हात लावलेला नाही, पण त्यांच्या मुलीच्या फोनवर एकदा काहीतरी आपोआप बदललं आणि नातवाचे फोटो गेले. तेव्हापासून नवं म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

“कोपऱ्यातलं बटण म्हणे मधे आणलंय,” मास्तर म्हणाले. “का? कोपऱ्यात काय चावत होतं?”

“मास्तर, त्याला डिझाईन म्हणतात.”

“आणि ऐन कामात अपडेट घ्यायला बसतं ते?”

“ते सुरक्षिततेसाठी. तुमची माहिती कुणी चोरू नये म्हणून.”

“आमच्याकडे लोकांचे वाकडे पाय आहेत. चोरून कुठे लावणार आहे तो?”

या एका वाक्यावर मास्तरांना मी चहा पाजला. पण खरं सांगायचं तर दोन्ही बाजू सारख्याच पोकळ होत्या. जावईबापूंना पायातलं कळत नव्हतं, मास्तरांना कॉम्प्युटरमधलं, आणि मालकांना दोन्हीतलं. जुन्या सिस्टीमला आता कंपनी विचारणार नाही, हा भाचेजावयाचा एकच मुद्दा खरा होता. तोही त्याने असा सांगितला की जणू उद्या सकाळी कॉम्प्युटरमधून धूर निघणार. मी कातडं कापता कापता ऐकत होतो आणि मनातल्या मनात दोघांना मार्क देत होतो. फुकटचा तमाशा होता.

तिसऱ्या आठवड्यात मालकांना एकदाचं सुचलं. “ताई, तुमचं काय म्हणणं?”

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “माझं काही नाही. नवीन आणा खुशाल. फक्त माझ्या फायली जिथल्या तिथे राहतील ना?”

“ताई, एकही फाईल जाणार नाही,” भाचेजावई छातीवर हात मारून म्हणाला. “माझी गॅरंटी. लिहून देऊ?”

“नको, लिहून कशाला,” ताई हसल्या आणि परत कामाला लागल्या.

रविवारी त्याने सिस्टीम घातली. सोमवारी सकाळी पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून तो कॉम्प्युटरपाशी उभा होता. पडदा लखलखीत. फायली एकाखाली एक, सरळ रांगांत, नंबराप्रमाणे. “बघा मामा, पहिल्यांदा चालू झाली आणि स्वतःच सगळं आवरून टाकलं हिने. केवढा पसारा होता!”

“वा,” मालक म्हणाले. “ऑफिस वाटतंय आता.”

ताई आल्या, पर्स खुंटीला लावली आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या.  मग खुर्चीवर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “हे परत पहिल्यासारखं करा.”

ते होत नव्हतं. भाचेजावयाने तासभर खटपट केली, घाम पुसला आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकलं. “फायलींना नावं नकोत का द्यायला? यात सिस्टीमचा काय दोष?” दोनशे फायलींमधली एकही गेली नव्हती. गॅरंटी तंतोतंत पाळली होती पठ्ठ्याने!

नेमका त्याच दिवशी आमच्या एका वेटर गिऱ्हाइकाच्या बुटांचा वायदा जवळ आला होता. हा एका मोठ्या हॉटेलात दिवसभर उभा असतो. साखरेच्या आजाराने त्याचे दोन्ही पाय बधिर झालेत. बूट घासला तर त्याला कळत नाही, मोज्याला रक्त लागलं की कळतं. मागे असंच दुकानातून घेतलेल्या बुटाने जखम झाली आणि उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. आता जुने बूट उसवले होते आणि बुधवारी नवे मिळाले नाहीत तर तो तसेच घालून कामावर जाणार होता. रजा मिळत नव्हती.

ताईंनी फायली एकेक उघडून त्याचा पाय ओळखला. एकोणीस वर्षांचा हात आहे, पाय त्या विसरत नाहीत. बोट काढल्यानंतरची उजव्याची फाईल एकच होती, पण डाव्या पायाच्या चार फायली निघाल्या, चारांत गव्हाच्या दाण्याएवढा फरक, आणि त्यातली खालची कुठली होती हे आता देवालाच ठाऊक.

“तारीख बघा की,” मालक म्हणाले. “सगळ्यात नवीन तारखेची घ्या.”

“तारखेवर जाऊ नका. मी पाय परत बघितल्याशिवाय हे कापायचं नाही.”

“ताई, त्याला यायला वेळ नाही आणि आपल्याला थांबायला. इतका बाऊ कशाला करता?” मालक माझ्याकडे वळले. “तू काप रे.”

तारखेचा काय घोळ आहे ते मला माहीत होतं. पण सकाळपासूनच्या कटकटीने डोकं उठलं होतं. मालकाचा कारखाना, मालकाचा जावई, निस्तरतील त्यांचे ते, असं म्हणून मी नवीन तारखेची फाईल छापून घेतली आणि कातडं कापलं.  ताईंनी टेप, कागद आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि भर दुपारी निघून गेल्या. मालक म्हणाले, “राग बघा बाईचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी माझ्या टेबलावर एक कागद उलगडला. त्यावर डाव्या पायाची रेघ होती. दोन बस बदलून त्या हॉटेलात गेल्या होत्या, वेटरची जेवणाची सुट्टी होईपर्यंत मागच्या दारात थांबल्या होत्या आणि कोठीच्या ओल्या फरशीवर बसून त्याचं माप घेतलं होतं. कागदाच्या एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडला होता. त्यांनी मी कापलेला तुकडा उचलला आणि त्या रेघेवर ठेवला. करंगळीच्या हाडाशी कातडं तोच गव्हाचा दाणाभर कमी पडत होतं, आणि बधिर पायाला जखम व्हायला तेवढं पुरतं.

“ही दोन वर्षांपूर्वीची फाईल,” ताई म्हणाल्या. “हाड बाहेर यायच्या आधीची.”

मी म्हटलं, “तो भाचेजावई म्हणजे शुद्ध गाढव आहे. फायली जिथल्या तिथे राहतील का असं तुम्ही विचारलं, आणि त्याने उत्तर दिलं जाणार नाहीत म्हणून. अहो, मला तर तेव्हाच हसू आलं होतं.”

बोलून गेलो आणि मग आपण काय बोललो ते माझ्या कानावर पडलं.

ताईंनी कातड्याचा तुकडा रेघेवरून उचलून बाजूला ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “त्यांना नव्हतं कळलं मी काय विचारतेय ते,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं कुणालाच कळलं नाही.”

एवढं बोलून त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. चाळीस माणसांना परत मापाला बोलवायचं होतं, त्यांनी पहिला फोन लावला. मी नवं कातडं काढलं आणि त्यांच्या कागदावरून रेघ ओढायला घेतली. मला सगळं कळलं होतं. मला फक्त मालकांची आणि भाचेजावयाची फजिती बघायची होती.