सुट्या दगडांवरचं घर

बार्बाडोसातल्या आमच्या मळ्याच्या वस्तीत क्लोटेल गिटन्सइतकं संशयी माणूस दुसरं नव्हतं. पाववाला हसून बोलला तरी ती पाव उलटून बघायची. जन्म ऊसतोडणीत गेला. नवरा नाही, मूल नाही. होतं ते दोन खोल्यांचं लाकडी घर, तेही सुट्या दगडांवर नुसतं ठेवलेलं. आमची सगळ्यांचीच घरं तशी. गुलामी उठली तेव्हा पूर्वजांना मोकळं केलं, पण पायाखालची जमीन मालकाकडेच राहिली. त्याचं डोकं फिरलं की फळ्या सोडवायच्या, गाडीवर लादायच्या आणि दुसरीकडे जायचं.

एकदा मळ्याचा मॅनेजर स्कीट स्वतः वस्तीत आला. जुन्या भाडेकरूंना सिमेंट फुकट, पक्क्या भिंती बांधा म्हणाला. माझी आई हरखून गेली. क्लोटेलमावशी गोण्यांभोवती एक फेरी मारून आली.

"फुकट द्यायला हा आजच कुठून शिकला गं? भिंत जमिनीत रुतली की जमीनवाल्याची. फळी माझी, कारण ती मला उचलता येते."

"चर्चमधल्या पावातही तुला खडा दिसेल," आई म्हणाली.

वस्तीभर भिंती उठल्या. आम्ही तर स्वयंपाकघरही पक्कं केलं. मावशीच्या फळ्या तेवढ्या वाऱ्यात करकरत राहिल्या आणि आम्ही पोरं तिला चिडवत राहिलो.

मग स्कीटच्या मालकाने मळा हॉटेलवाल्यांना विकला. आपापली घरं उचला, जमिनीला जोडलेलं सगळं नव्या मालकाचं, असा निरोप आला. हॉटेलच्या नोकरांसाठी आयत्या खोल्या मिळाल्या म्हणून जमिनीला भावही चांगला आला म्हणे. आई भिंतीला हात लावून बसून राहिली. स्कीटचा मला आजही संताप येतो.

मावशीचं घर एका सकाळीत सुटलं. चुलत भावाच्या परसात तिने ते उभं केलं आणि आम्हालाही आत घेतलं. एक टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची.

पुढे मी त्याच हॉटेलात चादरी धुतल्या. आमचं स्वयंपाकघर त्यांची धुलाईची खोली झालं होतं.

मावशी जाताना तिचं घर मला देऊन गेली. यंदा मी स्वतःची जमीन घेतली. गवंडी पाया भरायला आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं.

"आई, जमीन आता आपली आहे," माझी मुलगी वैतागून म्हणाली.

"असेल," मी म्हटलं, आणि मावशीचे दगड सुटेच मांडायला घेतले.